दादाने केलेला माझा पास्ता

हे मी लिहिणारच नव्हतो. घरातली गोष्ट, उगाच कशाला चव्हाट्यावर आणायची? पण राहवत नाही.

टोमॅटोच्या तिखट सॉसमध्ये क्रीम घातलं की माझं दर वेळी फुटायचं. दोन महिने रोज करून बघितलं, तेव्हा कुठे जमलं. गॅस बंद करायचा, वाटीभर सॉस आधी क्रीममध्ये कालवायचा, मग ते कढईत ओतायचं. हे मी फक्त दादाला दाखवलं. कोपऱ्यावरच्या रेस्टॉरंटला आचारी हवा होता आणि चाचणीला मी हाच पास्ता करणार होतो.

सोमवारी केला. मालकीणबाईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "काल तुझ्या भावाने अगदी हाच केला. त्याला घेतलंय मी. नक्कल करायची तर निदान दुसऱ्या कुणाची करायचीस."

घरी दादा म्हणाला, "अरे, नोकरी घरातच आली ना? तोंड काय पाडतोस?" आईनेही मान डोलावली.

आज त्याचा फोन आला. मोठ्या पातेल्यात क्रीम फुटतंय, काय करू? मोठं पातेलं गॅस बंद केल्यावरही बराच वेळ तापलेलं राहतं, हे त्याला ठाऊक नाही. मी ते न सांगता फोन ठेवला.

शेजारी माझा मित्र ढब्बू पास्ता हाणत होता. "दादाने गोड आवाज काढला की तू लगेच विरघळणार," तो म्हणाला. "सांगून टाकशील."

"सांगेन," मी म्हणालो, "पण फोनवर नाही. उद्या तिथे जाऊन, मालकीणबाईंसमोर. आणि हा पास्ता कुणाचा, ते आधी सांगेन. शब्द देतो तुला."