तेवीस नंबरचं दार

मला राग लवकर येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी तर दुपारी दोनपर्यंत माझं तीनदा चिडून झालं होतं आणि तिन्ही वेळा चूक दुसऱ्याची होती. निदान माझी तशी पक्की समजूत होती.

शहरात कलामहोत्सव भरला होता. रिकामी दुकानं, गोदामं, जिन्याखालच्या खोल्या, जिथे जागा मिळेल तिथे कुणी ना कुणी आपली कला मांडून बसलं होतं. प्रत्येक दारावर महोत्सववाल्यांनी एक पिवळा गोल आकडा चिकटवला होता आणि लोक हातात यादी घेऊन एकेक आकडा शोधत फिरत होते. तेवीस नंबरच्या खोलीत आमचे हे बसले होते.

हे म्हणजे माझा नवरा. रंगारी. चित्रकार नव्हे हं, घरं रंगवणारे. पस्तीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या. खोली रंगवून झाली की डब्याच्या तळाशी वाटीभर रंग उरतो. बाकीचे तो फेकून देतात. हे घरी आणायचे आणि त्याच रंगात, हातभर प्लायवूडच्या तुकड्यावर, त्याच खोलीचं चित्र काढायचे. अशी एकशे चाळीस चित्रं आमच्या पलंगाखाली होती. केर काढायची सोय नव्हती. मी कुरकुर भरपूर केली, पण एक तुकडा कधी टाकला नाही.

यंदा यांनी काम सोडलं आणि माझ्या नणंदेने परस्पर यांचं नाव महोत्सवात देऊन टाकलं. आठ दिवस यांना घास गोड लागेना. शेवटी एका रात्री अंथरुणात उठून बसले नि म्हणाले, "एक माणूस एका चित्रासमोर पाच मिनिटं थांबला ना, तर मी समजेन की भिंतींशिवायही आपल्याला काही जमलं. नाही थांबला, तर या प्लायवूडच्या कपाटाला फळ्या करायच्या. आणि माणूस अनोळखी हवा. तू नको, ताई नको." हे बोलतात कमी, पण बोलले की करतात. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता.

खोली मिळाली ती एका बंद पडलेल्या शिंप्याच्या दुकानाची, कोपऱ्यावरच्या इमारतीत, गल्लीच्या बाजूला. दाराला पोपडे आलेले. यांना ते बघवेना. आदल्या दिवशी दार खरवडलं, घासलं आणि छान निळं केलं. हाताखाली अर्थात मीच. हे धर, ते दे, पाणी आण, सगळं मीच.

महोत्सवाच्या दिवशी सकाळी नऊला दार उघडून बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि वाट बघत बसलो. दहा वाजले, अकरा वाजले. नणंद आली, दोन मिनिटं थांबली आणि पंखा नाही का इथे, असं विचारून गेली. एक कुत्रं येऊन गेलं. हे खुर्चीवर ताठ बसून होते, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि दर वेळी पावलं वाजली की उठून उभे राहायचे. तो शर्ट बघून मला रडूच येत होतं. मला रडू आलं की मी चिडते.

दोन वाजता यांनी चित्रं उतरवायला घेतली. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्धा तास हात लावू नका म्हणून यांना बजावलं आणि तरातरा चौकात गेले. तिथे टेबलामागे गळ्यात बिल्ला अडकवलेली एक मुलगी बसली होती. मी तिला चांगलं फैलावर घेतलं. माणसाला बोलावता आणि त्याच्याकडे एक चिटपाखरू पाठवत नाही, ही कुठली रीत? ती बिचारी गोंधळून म्हणाली, "काकू, तेवीसलाच तर सगळ्यात जास्त गर्दी आहे." आणि तिने लोकांनी लिहून दिलेले अभिप्राय माझ्यापुढे ठेवले. एकाने लिहिलं होतं, रिकाम्या खुर्च्या बघून पोटात कालवलं. दुसऱ्याने लिहिलं होतं, ग्लास पुसणाऱ्या बाईंचा चेहरा विसरता येणार नाही.

आमच्याकडे खुर्ची एकच, तीही भरलेली. आणि ग्लास पुसणारी बाई कोण?

माझी खात्री पटली, कुणीतरी आमचा आकडा पळवलाय. मी मोठ्या रस्त्याने परत निघाले, एकेक दार बघत. आमच्याच इमारतीच्या कोपऱ्याला वळसा घालायच्या आधी रस्त्याकडच्या दारावर तो दिसला. पिवळा गोल, तेवीस. आदल्या दिवशी या दाराच्या काचांना आतून वर्तमानपत्रं लावलेली होती. आता काचा लखलखीत होत्या आणि माणसं आत-बाहेर करत होती.

मी आत घुसले. तो एक पब होता. नवाकोरा, त्याच दिवशी उघडलेला. लांब लाकडी काउंटर, नऊ टेबलं, पाठीला गाद्या असलेले बाक. आणि दहा-बारा माणसं हात मागे बांधून, हलक्या पावलांनी, एकेका टेबलाभोवती फिरत होती. कुणी बसत नव्हतं. एक चष्मेवाला बिअरच्या नळाकडे वाकून बघत होता आणि बायकोला काहीतरी हळू आवाजात समजावून सांगत होता. दोघं मान डोलावून निघून गेले. काउंटरमागे चाळिशीची एक बाई तोच तो ग्लास पुसत उभी होती. तिचा चेहरा खरंच विसरता येण्यासारखा नव्हता. कुठल्याही क्षणी रडेल असा होता.

मी गेले ती सरळ तिच्यावरच. आमचा आकडा का चोरला म्हणून विचारलं. ती म्हणाली, कसला आकडा, सकाळी दुकान उघडलं तर तो दारावर होताच, तिला वाटलं घरनंबर असेल. मग तिचा बांध फुटला. बावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून तिने हे धाडस केलं होतं. "सकाळपासून दीडशे माणसं येऊन गेली, ताई. सगळी बघतात, छान म्हणतात आणि जातात. एकानेसुद्धा पाणी मागितलं नाही. माझ्यात काही खोट आहे का हो?"

मी तो आकडा ओरबाडून काढायला दाराशी गेले. आणि हात तसाच राहिला. पिवळ्या कागदाच्या कडेला निळ्या रंगाचा अंगठा उमटला होता. आमच्या दाराचा निळा. आणि अंगठा माझा.

मग सगळं आठवलं. दार घासायच्या आधी, मी डब्यातला निळा रंग ढवळत असताना, यांनी आकडा अलगद सोडवून माझ्या हातात दिला होता आणि म्हणाले होते, कुठेतरी नीट चिकटवून ठेव, रंग वाळला की परत लावू. मी चार पावलं चालून कोपऱ्याच्या पलीकडे या बंद दारावर ठेवला. नीट. अगदी चापून. आणि विसरले.

चौकातल्या मुलीला मी काय काय बोलले होते ते आठवून मी जीभ चावली. चूक कबूल करायची मला सवय नाही, शब्द लवकर सापडत नाहीत. म्हणून परत आत गेले. मधल्या टेबलाची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसले.

एक गृहस्थ घाईने पुढे आले आणि समजुतीने म्हणाले, "अहो, हात नाही लावायचा."

"मी गिऱ्हाईक आहे," मी म्हटलं. "बाई, एक बिअर द्या. गार."

मी आयुष्यात बिअर प्यायले नव्हते. बाईंनी आणून ठेवली, मी एक घोट घेतला, कडू होती, पण तोंड वाकडं केलं नाही. त्या गृहस्थांनी मला विचारलं, म्हणजे हे खरं आहे का? मी म्हटलं, पिऊन बघा. पाच मिनिटांत नऊच्या नऊ टेबलं भरली. दिवसभर पायपीट केलेली माणसं ती, बसायला मिळतंय म्हटल्यावर कोण सोडतंय?

मग मी बाईंच्या कानात खरं काय ते सांगितलं. ती आधी हसली, मग रडली, मग म्हणाली की माझ्या भिंती उघड्या आहेत, चित्रं इकडेच आणा. मी धावत जाऊन यांना घेऊन आले. यांनी आत आल्या आल्या काय केलं असेल? भिंतीवर तळवा फिरवला आणि म्हणाले, रंगाचा दुसरा हात द्यायची घाई केलीय. खिळे मात्र ठोकू देईनात. नव्या रंगाला भोक पाडायचं म्हणजे पाप. चित्रं बाकांच्या पाठीवर, काउंटरवर, खिडकीत टेकवून ठेवली. लोक हातात ग्लास घेऊन फिरू लागले. एक मिनिट, दोन मिनिटं. हे कोपऱ्यात उभे राहून चोरून बघत होते आणि मी घड्याळ बघत होते.

तेवढ्यात एक टपालवाली आली. खांद्यावर रिकामी पिशवी, पायांत धुळीचे बूट. तिच्याकडे यादी नव्हती, ती नुसती लिंबू सोडा प्यायला आली होती. ग्लास घेऊन वळली आणि खिडकीतल्या चित्रासमोर थांबली ती थांबलीच. पिस्ता रंगाची खोली होती ती. दाराच्या चौकटीला लागून वीतभर पट्टी मात्र जुन्या, पिवळट रंगाची, तिच्यावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा.

ती पट्टी मला चांगली ठाऊक होती. ती खोली रंगवली त्या दिवशी हे घरी येऊन अस्वस्थ बसले होते. त्या घरात विचारायला कुणी नव्हतं आणि मुलांची उंची मोजलेल्या रेघांवर यांना ब्रश फिरववेना. लोक म्हणतील काम अर्धवट टाकलं. मीही तेच म्हटलं होतं, जरा जास्तच जोरात.

"हे आमचं घर आहे," टपालवाली कुणाला उद्देशून नाही, असंच म्हणाली. "आई कामावर होती, रंगाऱ्याला सांगायचंच विसरली. रेघा गेल्या असणार म्हणून वाटभर रडत घरी आली. आणि बघते तर सगळ्या जागच्या जागी. खालून चौथी माझी. आई अजून सांगते, कोण होता तो माणूस, एकदा भेटायला हवा."

मीच यांना दंडाला धरून पुढे केलं.

मग ते दोघं त्या चित्रासमोर बसले आणि बोलतच राहिले. कुठल्या रेघेला कुणाचा वाढदिवस, कोण किती उंच झालं. तिचा सोडा तसाच राहिला. बाईंनी काउंटरमागून मला दुसरी बिअर आणून दिली आणि मी ती नाकारली नाही. बऱ्याच वेळाने हे माझ्याकडे आले, डोळे लाल, शर्टाची इस्त्री पार गेलेली, आणि हळूच विचारलं, "पाच मिनिटं झाली का गं?"

मी काउंटरवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"पन्नास," मी म्हटलं. "आणि अहो, एक सांगायचंय. त्या आकड्याचं."