बारा बेडक्या आणि एक रिकामा डबा

अर्धे डबे एकत्र करायची मला खोड आहे. फ्रिजमध्ये उरलेली आमटी दोन डब्यांत दिसली की माझा हात शिवशिवतो. हे आधीच कबूल करते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

ऑगस्ट २००३. अमेरिकेत उत्तरेकडे सगळीकडची वीज गेली, आमच्या एडिसन गावात मात्र होती. संध्याकाळी माझी भाची अबोली दारात उभी, घामाघूम, खांद्याला लॅबची बॅग, हातात प्लास्टिकचे दोन डबे. ती तिकडे पीएचडी करत होती आणि लॅबचा एसी बंद पडला होता.

"मालिनीमावशी, प्लीज, दोन दिवस ठेवू दे ना. बेडूक आहेत."

"अगं बाई! माझ्या घरात?"

सगळ्या माद्याच होत्या, इक्वेडोरच्या एकाच डोंगरावरच्या. एका डब्यात सहा पायथ्याच्या, दुसऱ्यात सहा माथ्याच्या. अबोलीच्या मते या दोन वेगळ्या जाती होत्या.

"हजारो पिढ्या वरचे थंडीत राहिले, खालचे उकाड्यात. मधे जाणं-येणं बंद. दिसायला सारखे राहिले, पण नरांची हाक बदलत गेली. आता वरची मादी खालच्या नराकडे ढुंकूनही बघत नाही."

"मग अडलंय कुठे?"

तिचा चेहरा पडला. "सर म्हणतात, कुठली मादी कुठली ते तुला माहीत असतं, म्हणून ती कुठल्या हाकेकडे जाते ते बघताना तुला हवं तेच दिसतं. सोमवारी प्रबंधाची कमिटी आहे. त्यांना नाही पटलं तर चार वर्षं पाण्यात, मावशी."

माथ्याचा डबा तिने बेडरूममध्ये एसीजवळ ठेवला, पायथ्याचा माझ्या ओट्यावर.

शुक्रवारी सकाळी ती आंघोळीला गेली. मला पोळ्या लाटायला जागा हवी होती. दोन्ही डब्यांत डोकावले. सगळ्या सारख्याच, हिरव्यागार, अंगठ्याएवढ्या. म्हटलं, या बिचाऱ्यांनी तरी उकाड्यात का बसायचं? बाराच्या बारा एका डब्यात टाकून एसीत ठेवल्या आणि रिकामा डबा साबणाने स्वच्छ घासला.

अबोली केस पुसत आली, उपडा डबा पाहिला आणि मटकन खाली बसली. ओरडली असती तर परवडलं असतं.

"आता कुठली कुठली ते मलाही कळणार नाही," ती पुटपुटली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एका डब्यापायी मी पोरीची चार वर्षं बुडवली! मला रडूच फुटलं.

"मावशी, थांब." ती एकदम उठली. "मलाही कळणार नाही! सरांना हेच तर हवं होतं! प्रत्येकीच्या पोटावरच्या ठिपक्यांचे फोटो लॅबमध्ये आहेत, पण ते आत्ता बघायचेच नाहीत. आधी परीक्षा, मग उत्तरपत्रिका."

आमच्या बाथरूमला खिडकी नाही. दिवा घालवला. बाथटबच्या एका टोकाला माझा टेपरेकॉर्डर, त्यात तिच्या बॅगेतली कॅसेट, माथ्याच्या नराच्या हाकेची. दुसऱ्या टोकाला तिने बॅगेतून आणलेला, त्यात पायथ्याच्या नराची. अबोली एकेक मादी मधोमध सोडायची, ती कुठे गेली ते लिहायची आणि तिला नंबर घातलेल्या वेगळ्या बरणीत ठेवायची. मी लाल कागद गुंडाळलेला टॉर्च धरून श्वास रोखून बसलेले.

पहिली पाच मिनिटं ढिम्म. मग टुणकन उडी, थेट माझ्या टेपरेकॉर्डरकडे. दुसरी उलट्या टोकाला. सरळ, न घुटमळता! शेवटची मात्र कुणाकडेच गेली नाही, पाणी जायच्या जाळीवर बसून राहिली. "ही तुझ्यावर गेलीये," मी म्हटलं. गेल्या वर्षात अबोलीने मी आणलेली चार स्थळं नाकारली होती.

शनिवारी तिकडची वीज आली. ती बेडक्या घेऊन गेली आणि दुपारी फोन आला.

"मावशी, अकरापैकी अकरा! एकही चुकली नाही गं!"

मी पिठाच्या हातांनीच देवापुढे साखर ठेवली.

सोमवारी सरांनी विचारलं म्हणे, माद्या कुणी मिसळल्या? "मावशीने." का? "तिला ओटा मोकळा हवा होता." सर हसले आणि म्हणाले, आता पटलं.

पुढच्या मे महिन्यात प्रबंध हातात आला. इंग्रजी मला फारसं पचत नाही, पण पहिल्या पानावर मराठीत एकच ओळ होती: 'मालिनीमावशीला, जिने डबा घासून ठेवला.' मी ते पान छातीशी धरून खूप रडले.

काल फ्रिजमध्ये पुन्हा आमटीचे दोन अर्धे डबे दिसले. हात शिवशिवला. पण आधी दोन्हींचा वास घेतला.