भिमाजींच्या मात्रा

"काका, अजून किती मात्रा राहिल्या?" चैतालीनं विचारलं.

"सत्तर फायली. चारपर्यंत एकबी ठेवत नाय," भिमाजी आहेर म्हणाले आणि नाक जवळजवळ स्क्रीनला टेकवून पुन्हा कामाला लागले.

मात्रा हा शब्द त्यांचाच. कॉम्प्युटरला दिलेल्या एका आज्ञेचं उत्तर दुसऱ्या आज्ञेत घालायचं, तर जुन्या पद्धतीत दोन्ही बाजूंना एकेक तिरकं चिन्ह द्यायचं. अगदी 'के'वरच्या मात्रेसारखं. अंबडच्या त्या औषध कारखान्यात कॉम्प्युटर आले तेव्हापासून भिमाजींनी असल्या हजारो मात्रा लिहिल्या. आता नवं फर्मान निघालं होतं: मात्रा काढा, त्याजागी डॉलरचं चिन्ह नि कंस घाला. चैतालीचा प्रोग्राम हे पाच मिनिटांत उरकणार होता. पण म्हातारा हट्टाला पेटला. "माझ्या हातची पोरं हायेत ती. मीच न्हाऊ घालतो."

खरं कारण साऱ्या ऑफिसला ठाऊक होतं. भिमाजींना अठ्ठावन्न पूर्ण होत होती आणि मुदतवाढीचा कागद सहीसाठी चैतालीच्या, म्हणजे त्यांच्या साहेबाच्याच, टेबलावर पडला होता. घरी बसायची त्यांना भारी धास्ती. सुट्टी नको म्हणून मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा त्यांनी तीनदा पुढे ढकललेलं.

चारला चाचणी घेतली. खोक्यांची लेबलं भराभर छापून आली, पण लॉट नंबरची जागा कोरी!

चैतालीनं फाइल उघडली. तिला शोधायला मिनिटही लागलं नाही. "काका, इथे आतल्या उलट्या तिरक्या रेघा, बॅकस्लॅश, दोन राहिल्यात. मात्रांच्या आत दोन लागायच्या, कंसात एकच लागते."

"मला सांगतेस?" भिमाजी उसळले. "अगं, हे मीच तर..."

ते मध्येच थांबले. त्याच ओळीच्या वर एक सूचना होती. चैतालीनं ती मोठ्यानं वाचू नये असं त्यांना फार वाटलं. पण तिनं वाचली.

"सावधान. इथे दोन रेघा मुद्दाम दिल्या आहेत. मात्रा काढाल तर एक रेघही काढा. भिमाजी आहेर, २००३."

शिव शिव! वीस वर्षांपूर्वी कुणा नवख्यासाठी लिहून ठेवलेले शब्द. आणि ते न वाचता पुढे गेलेला नवखा कोण, तर स्वतः भिमाजी! वयापुढे कसली मात्रा चालते?

"दिसलं नाय," ते कसेबसे म्हणाले.

"होतं असं, काका." चैताली हे इतक्या मऊपणानं बोलली, की त्यांना कागदाचं उत्तर कळलं. खेकसली असती तर आशा होती.

तिनं एक रेघ खोडली. लेबलं नीट आली.

"ही सूचना आता नको ना? काढू?"

"थांबा मॅडम. मी काढतो."

चैतालीला ते आजवर कधी मॅडम म्हणाले नव्हते. तिनं की-बोर्ड त्यांच्याकडे सरकवला. भिमाजी शेवटाकडून एकेक अक्षर खोडत निघाले. आधी साल गेलं, मग आहेर, मग भिमाजी. सर्वांत शेवटी 'सावधान' तेवढं उरलं. तेही त्यांनी खोडलं.