अकरा मिनिटांची ताई

धाकटीने शाईच्या पॅडवर उजवा पाय दाबला, मनात पाचपर्यंत मोजलं आणि पाय उचलून कोऱ्या पानावर ठेवला. थोरलीने तिच्या गुडघ्यावर दोन्ही हातांनी भार दिला.

"हलू नकोस. फरकाटलं तर सगळं परत करावं लागेल."

"ताई, पाय मोडशील माझा."

"मोडू दे. ठसा चांगला येईल."

दारात उभ्या असलेल्या बाबाचा चहा बशीत सांडला. ते पान त्याचं होतं. त्याच्या बाराव्या पुस्तकाची डमी, म्हणजे छापायच्या आधी हाताने शिवलेली नमुना प्रत, जमिनीवर उघडी पडली होती. पंधरा पानांवर चित्रं आणि मजकूर होता. सोळावं पान रिकामं होतं. आता त्यावर दोन निळी पावलं होती, शेजारी शेजारी.

"जाड कागद तेवढाच सापडला," थोरली म्हणाली. "आणि तू तसंही तिथे काही लिहीत नाहीयेस."

हे खरंच होतं.

*शेवटचं पान, मसुदा पहिला*
मग चमच्याला कळलं, की आपण चमचा नाहीच. आपण म्हणजे

(पुढचं खोडलेलं.)

तो लहान मुलांसाठी गोष्टी लिहायचा. शर्टावरून तुटलेलं बटण, दोरी तुटलेला पतंग, भर दुपारी हरवलेली सावली. प्रत्येक जण पंधरा पानं विचारत फिरायचा, मी कोण? आणि सोळाव्या पानावर त्याला उत्तर मिळायचं. तू तुझं नाव नाहीस. तू तुझा आकार नाहीस. आत बसून जो हे सगळं बघतो, तो तू. संपादकबाई म्हणायच्या, आईबाप दुकानात उभ्या उभ्या फक्त शेवटचं पान वाचतात आणि मग पुस्तक घ्यायचं की नाही ते ठरवतात.

या वेळी ड्रॉवरमधले दोन चमचे होते, अगदी सारखे. एकाला खुणेसाठी लाल दोरा बांधलेला. पान नऊवर दोरा सुटतो. पंधराव्या पानापर्यंत तो एका दमात आला होता. मग सोळाव्यावर पाच आठवडे गेले.

"चमचे झाले का?" संपादकबाई फोनवर विचारायच्या.

"घासतोय अजून," तो म्हणायचा.

प्रत्येक डमी आधी या दोघींना वाचून दाखवायची, असा घरचा रिवाज होता. कंटाळा आला की त्या जमिनीवर आडव्या व्हायच्या. जिथे आडव्या होतील तिथे तो पेन्सिलने फुली मारायचा. मागच्या रविवारी कोणीच आडवं झालं नाही. पान नऊवर धाकटीने चष्मा वर सरकवला होता.

"पण चमच्यांना माहीत नसलं तरी दोरा बांधणाऱ्याला माहीत असणार ना? पहिला कुठला ते?"

"असेल."

"आमचं कसं ठरवलंत?"

याचं उत्तर द्यायचा मान थोरलीचा होता. तिने हनुवटी वर केली. सायकलवरून पडल्याची खूण तिथे होती, त्यामुळे आता परकं माणूससुद्धा दोघींना ओळखायचं.

"माझ्या पायाच्या अंगठ्याला लाल नेलपॉलिश होतं. मी अकरा मिनिटांनी मोठी आहे."

"आणि ते निघालं असतं तर?"

"निघालं नाही," बाबा म्हणाला होता. जरा लवकरच. धाकटीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

आज शनिवार. आणि जमिनीवर, डमीच्या शेजारी, कपाटाच्या वरच्या कप्प्यातलं हॉस्पिटलचं कार्ड होतं. त्यावर दोन काळे ठसे, बोटाएवढे लांब. एकाखाली 'पहिली'. एकाखाली 'दुसरी'. धाकटीच्या हातात भिंग.

"इतके लहान ठसे," तो म्हणाला. "त्यावरून काय कळणार आहे?"

"रेषा बदलत नाहीत."

"कोणी सांगितलं?"

"तूच. पाचवं पुस्तक. 'तुझ्यासारखा ठसा साऱ्या जगात दुसऱ्या कुणाचा नाही.' शेवटचं पान."

*शेवटचं पान, मसुदा चौथा*
दोरा नव्हता तेव्हाही तू होतास. दोरा बांधला तेव्हाही तूच होतास. मग दोरा चुकून दुसऱ्याला

(इथे चहाच्या कपाचा गोल डाग.)

तो स्वयंपाकघरात गेला. बायको लसूण सोलत होती.

"त्या ठसे जुळवतायत," तो म्हणाला.

"मीच कार्ड काढून दिलं. का?"

तो स्टूलावर बसला, उठला, परत बसला. लसणाची एक पाकळी त्याने उचलली आणि होती तिथे ठेवली.

"त्या तीन महिन्यांच्या होत्या. मी दोघींची नखं कापली. सगळी, पायाचीसुद्धा. रंगाचा शेवटचा तुकडा नखाबरोबर गेला. आधी एकीला मांडीवर घेतलं, मग दुसरीला. शेवटी मान वर करून बघतो, तर पहिली कुठली घेतली होती तेच आठवेना."

बायकोच्या हातातली सुरी थांबली.

"मग?"

"मग नेलपॉलिशची बाटली घेतली आणि जी जास्त रडत होती तिच्या अंगठ्याला लावलं. म्हटलं, मोठी असेल."

"नऊ वर्षं," ती म्हणाली. "नऊ वर्षं मला पत्ता नाही, आणि लोकांच्या पोरांना सांगत फिरतोयस तू कोण ते!"

तिने सुरी खाली ठेवली. मग ती सालांची बारीक ढिगली करत राहिली.

"कोणता वार होता?"

"रविवार. तू झोपली होतीस."

"त्याच्या आधीच्या गुरुवारी," ती म्हणाली, "आंघोळ घालताना माझ्याकडे दोन पोरी होत्या आणि रंग एकीलाही नव्हता. टवका उडून गेला असणार. दोघी एकाच टॉवेलवर."

"मग तू काय केलंस?"

"लावलं. शांत होती तिला."

त्याने बोटांवर मोजायला घेतलं.

"म्हणजे तू चुकली असशील, आणि मीही चुकलो असेन, तर..."

"तर आता बरोबर आहे."

"आणि तू बरोबर होतीस, पण मी..."

"बास. माझं डोकं गरगरतंय."

पुढच्या खोलीतून बराच वेळ काही ऐकू आलं नव्हतं. दोघींच्या लक्षात येणार नाही इतकी सवयीची गोष्ट त्याच्या डोळ्यांसमोर आली. आंबा असो नाहीतर बिस्किट, थोरली नेहमी लहान तुकडा घ्यायची, कारण 'मी मोठी आहे'. अंधाऱ्या जिन्यात ती पुढे व्हायची. एकदा कुत्रा अंगावर आला तेव्हाही पुढे झाली होती, घाबरून पांढरी पडलेली असतानाही. अकरा मिनिटं काढून घेतली तर ती जिन्यात कुठे उभी राहणार? आणि धाकटी त्याच्याकडे परत एकदा तशी बघणार, चष्मा पुसत.

"थांबवू या त्यांना," तो म्हणाला.

"काय सांगून?"

*शेवटचं पान, मसुदा सातवा*
मुलांनो, या पानावर काय लिहायचं ते मला

(वाक्य इथेच थांबलेलं.)

शेवटी ती दोघं एकदमच उठली.

खोलीत भिंग खिडकीत ठेवलेलं होतं. शाईचं पॅड बंद. मुली भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय लांब करून. चार पावलांपैकी दोन निळी.

"जुळलं?" आईने विचारलं.

"कळत नाही," थोरली म्हणाली.

"पुसट आहे," धाकटी म्हणाली.

त्याने कार्ड उचललं. दोन्ही काळ्या ठशांवरून एक रुंद निळा पट्टा गेला होता. शाई ओली होती. कोणीतरी अंगठा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाबून ओढला होता. खालची अक्षरंही त्यात बुडाली होती.

"हे कोणी केलं?"

दोघी आपापल्या पायांकडे बघू लागल्या.

"हात दाखवा बघू."

दोघींनी हात पाठीमागे घेतले, एकदमच.

"सांडलं," थोरली म्हणाली.

"पॅडमधून?" आई म्हणाली.

"हो," धाकटी म्हणाली, आणि थोरलीच्या अंगावर जराशी रेलली. "ताई, तुझा पाय माझ्या फ्रॉकला लागतोय."

त्याने दोघींच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. काय दिसलं होतं त्यांना? एकीला दिसलं आणि दुसरीने पुसलं? की एकीने दुसरीला बघूच दिलं नाही? विचारायला तोंड उघडलं, आणि मग आधी आपल्याला काय सांगावं लागेल ते त्याच्या लक्षात आलं. "निघालं होतं," तो म्हणाला. "नेलपॉलिश. मी रविवारी निघालं नाही म्हणालो, ते खोटं होतं."

"माहितीये," धाकटी म्हणाली. "तुझे कान लाल झाले होते."

थोरली खाली बघत होती. "पाय धुवायचेत," ती म्हणाली. "वाळलं की निघत नाही."

आई तेलाची वाटी आणि जुनं फडकं घेऊन आली. मुली पलंगावर आडव्या पडल्या आणि त्यांनी डोक्यावरून चादर ओढून घेतली. खाली चार पावलं तेवढी बाहेर राहिली. तो पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसला. एक निळं पाऊल मांडीवर घेऊन तो तेल चोळू लागला. मग दुसरं. टाचेतून, बोटांच्या बेचक्यांतून निळं उतरत गेलं. चादरीखाली काहीतरी हालचाल झाली, खुसखुस झाली, पाय आत गेले आणि परत बाहेर आले, चारही. आता सगळे स्वच्छ होते.

त्यातला एक त्याच्या मांडीवर येऊन पडला.

"ओळख," चादरीतून आवाज आला. आवाजावरूनही सांगता येईना. "कोणाचा?"

त्याने तो पाय दोन्ही हातांत धरला. अंगठ्याचं नख पाहिलं. टाच पाहिली. बायको दारात उभी होती, हातात रिकामी वाटी घेऊन. तिनेही मान हलवली, म्हणजे मलाही नाही.

"तुझा," तो म्हणाला.

चादर हसायला लागली.

"बरोबर!" दोघी ओरडल्या.