बटणावरचा रिकामा चौकोन

तिने केबलचं एक टोक बाबांच्या फोनला आणि दुसरं आपल्या लॅपटॉपला जोडलं.

"अ‍ॅप बरोबर चालतं, हे आता तुमच्यासमोरच दाखवते," ती म्हणाली. आवाजात कंटाळा होता आणि तो तिने लपवलाही नाही. पलीकडच्या खोलीत दादा बाबांचं कपाट रिकामं करत होता. आज संध्याकाळी बाबांना त्याच्या घरी न्यायचं ठरलं होतं, कायमचं.

औषधांची आठवण करून देणारं अ‍ॅप तिनेच बनवलेलं. नोकरीत तिच्या एकटीवर सोपवलेलं पहिलं काम. बाबांनी रक्तदाबाची गोळी घ्यायची आणि ‘घेतली’ हे बटण दाबायचं, एवढाच मामला. दाबलं नाही तर तासाभराने पुन्हा आठवण; तरीही नाही, तर मुलांच्या फोनवर लाल खूण. गेले तीन आठवडे ती खूण रोज येत होती. त्यात मागच्या मंगळवारी बाबा चक्कर येऊन न्हाणीघराच्या दारात पडले. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांची मापं तोंडपाठ ठेवणाऱ्या शिंप्याच्या एक गोळी लक्षात राहू नये, याने दोघं भावंडं हादरली होती. आता एकटं ठेवायला नको, असं दोघांनी फोनवरच ठरवून टाकलं. बाबांना फक्त कळवलं.

"मी दाबतो गं," बाबा म्हणाले. "फोन थरथरतो. झालं म्हणून ठेवून देतो."

"दाबा बघू."

त्यांनी दाबलं. फोन थरथरला. लॅपटॉपवर नोंद मात्र उमटली नाही. तिने स्वतःच्या फोनवर तेच बटण दाबलं, तर नोंद चटकन झाली.

मग ती जरा सरसावून बसली. पडद्यावरच्या प्रत्येक गोष्टीच्या हद्दीच्या रेघा दाखवणारी एक सोय असते. ती तिने बाबांच्या फोनवर सुरू केली. अक्षरं, गोळीचं चित्र, बटण, सगळ्यांभोवती निळे चौकोन उमटले. बाबांनी चष्मा सारखा केला.

"खडूने आखल्यासारखं दिसतंय."

"हं," ती म्हणाली आणि लॅपटॉपवरच्या ओळींत डोकं घालून बसली. सगळं जागच्या जागी होतं.

"ह्या चौकोनात काहीच कसं नाही?"

"कुठल्या?"

"हा. बटणाच्या डोक्यावर बसलाय बघ. खालचं अस्तर वर आलंय."

तिने फोन ओढून घेतला. गोळी घेतल्यावर ‘शाब्बास!’ म्हणत वर येणारी पाटी होती ती. तिच्याच हौसेची. वेळ येईपर्यंत ती दिसू नये, अशी तजवीज तिने केली होती, पण दिसत नसली तरी पाटी तिथे होतीच. तिच्या फोनवर ती बटणाखालच्या मोकळ्या जागेत पडून राहायची. बाबांच्या फोनवर मात्र, त्यांना वाचता यावं म्हणून तिनेच तीन आठवड्यांपूर्वी अक्षरं मोठी करून दिली होती. मोठ्या अक्षरांनी बटण खाली ढकललं, ते थेट पाटीखाली. बोट पाटीवर पडायचं. पाटी फोन थरथरवायची आणि गप्प बसायची.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, तुम्ही विसरत नव्हतात. चूक माझी आहे."

हातात शर्टांची चळत घेऊन दादा दारात येऊन उभा राहिला होता. "म्हणजे बाबा गोळ्या घेत होते? रोज?"

"रोज."

बाबांना आनंद होईल असं तिला वाटलं. ते फोनकडेच बघत होते.

"मग दुसरी?" त्यांनी विचारलं.

"दुसरी कुठली?"

"तासाभराने ते पुन्हा सांगायचं ना, गोळी राहिली म्हणून. मला वाटायचं, मघाशी घेतली ती कालची आठवत असेल. मग परत घ्यायचो."

"रोज?" तिने विचारलं.

"रोज नाही. घेतली याची खात्री वाटली नाही, तरच." त्यांनी फोनकडे बोट केलं. "तू बनवलेलं. तुझ्यापेक्षा माझ्यावर जास्त विश्वास कसा ठेवू?"

दादाने शर्ट पलंगावर ठेवले आणि डॉक्टरांना फोन लावला. मंगळवारी सकाळी किती गोळ्या घेतल्या, असं त्याने फोन कानाशी धरूनच विचारलं. बाबांनी दोन बोटं वर केली. बराच वेळ तो नुसतं हो, हो म्हणत राहिला.

"दोन गोळ्यांनीच चक्कर आली असणार, आज तपासायला आणा म्हणाले," फोन ठेवून तो म्हणाला. "तिथून आपण इकडेच परत येऊ."

बाबांनी मान हलवली. थोड्या वेळाने त्यांनी तिला विचारलं, "हे आणखी कितीजणांकडे आहे गं?"

"अकराशे."

"सगळी म्हातारीच असतील."

तिने ऑफिसचा नंबर लावला. पलीकडून साहेबांनी फोन उचलला, तेव्हा बाबा तिच्या शेजारी सरकून बसले आणि ती काय सांगते ते ऐकू लागले.