डोरीनची लेक

“थांबव ते! आधी थांबव!”

मोठ्या सिस्टरनं माझ्या हातातला ट्रे हिसकावून घेतला, तेव्हा कुठं मला कळलं की मी तो वाजवत होते. एका हातात स्टीलचा ट्रे, दुसऱ्या हातात चिमटा, आणि बाळाच्या कानाशी वाकून मी दणादणा बडवत होते. तेही लंडनच्या दवाखान्यात, बाळंतपणाच्या खोलीत! डॉक्टर आ वासून माझ्याकडं बघत होता. दुसरी नर्स भिंतीला टेकली होती. बाळ तसंच निपचित पडलं होतं.

आता मला अडाणी म्हणू नका. मी, बेबीनंदा, मंठ्याच्या सरकारी दवाखान्यातली नर्स. जालन्याला रीतसर शिक्षण घेतलेलं आहे. मूल रडलं नाही तर नाक-तोंड साफ करायचं, श्वास द्यायचा, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण ते सगळं डॉक्टर करत होता. मला नुसतं बघायला उभं केलं होतं. आणि माझी आई कौसल्या आष्टीची सुईण. मूल रडेना की ती काशाची थाळी त्याच्या कानाशी वाजवायची आणि म्हणायची, “ये गं बाई, इकडं ये, वाट चुकू नको.” थाळीनं मूल जगतं का? मला माहीत नाही. मी दोन्ही पाहिलंय, जगलेलंही आणि गेलेलंही. पण रिकाम्या हातांना कुठं कळतं आपण लंडनात आहोत ते?

हे शहात्तर सालचं सांगते आहे. एका परदेशी संस्थेनं खेड्यापाड्यात काम करणाऱ्या नर्सांना तीन महिने तिकडच्या दवाखान्यात काम शिकायला नेलं होतं. आमच्या भागातून मी आणि भोकरदनची मैमूना. मंठ्यात अजून बाया विचारतात, “नर्सबाई, राणीचा वाडा पाह्यला काय?” पाहिला. बाहेरून पाहिला. पण लंडन म्हटलं की मला तो वाडा आठवत नाही.

तर बाळ रडलं नाही. डॉक्टरनं नकारार्थी मान हलवली. पलंगावर डोरीन होती, माझ्याच वयाची, पहिलटकरीण. ती मान उचलून विचारत होती, “काय आहे? मुलगा की मुलगी? सांगा ना, काय आहे?”

नर्सनं तिच्यासमोर चादर धरली. डॉक्टरनं दंडात सुई दिली. चादरीमागून तिचा आवाज जड होत गेला, “काय आहे... काय...” आणि बंद झाला. तोवर बाळ हिरव्या कापडात गुंडाळून माझ्या हातात दिलं गेलं होतं. सिस्टर म्हणाली, “मागच्या खोलीत ने, स्वच्छ कर आणि ठेव. सकाळी माणूस येऊन घेऊन जाईल.”

मी म्हटलं, “आईला दाखवून?”

“नाही,” सिस्टर म्हणाली. “आईला दाखवत नाहीत.”

अगं आई गं! नऊ महिने पोटात वागवलं तिला दाखवत नाहीत? मंग कुणाला दाखवतात?

मागच्या खोलीत मी कापड सोडलं. मुलगी होती. मी कोमट पाणी घेतलं आणि जिवंत लेकराला घालतात तशी तिला आंघोळ घातली. घाई केली नाही. दाट काळे केस, हनुवटीला बारीक खळी, लांबसडक बोटं. मी तिला डोळे भरून बघून घेतलं. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. आमच्याकडं द्वारकाबाईचं मूल असंच गेल्तं, तेव्हा घरचे म्हणत होते, नका दाखवू, जीव देईल ती. माझ्या आईनं कुणाचं ऐकलं नाही. मूल तिच्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, “बघ बाई. उद्या म्हणशील, कसं होतं गं माझं लेकरू, तर मी कुठून आणून दाखवू?” द्वारकाबाईनं हंबरडा फोडला. सगळ्या गल्लीनं ऐकला. पण दोन महिन्यांनी ती शेतात खुरपायला आल्ती.

इथं हंबरडासुद्धा सुई देऊन झोपवून टाकला होता.

सिस्टरनं मला तिच्या खोलीत बोलावलं. मला वाटलं, आता खरडपट्टी. पण तिनं स्वतःच्या हातानं चहा करून पुढं ठेवला. म्हणाली, “ट्रेचं मी वर कळवत नाही. पण या बाईशी बाळाविषयी एक शब्द बोलायचा नाही. न पाहिलेल्याचं दुःख कमी होतं. ती घरी जाईल, दुसरं मूल होईल, विसरेल. आमची हीच पद्धत आहे.”

बाई वाईट नव्हती हो. तिला मनापासून तसंच वाटत होतं, म्हणून तर मला जास्त धसका बसला. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

जेवताना मी मैमूनाला सगळं सांगितलं. तिनं घासच खाली ठेवला.

“या अल्ला! माँ को बताए बगैर?” मग आजूबाजूला बघून म्हणाली, “पन तू चुप बैठ, नंदा. ये क्या अपना मंठा है? तेरे को वापस भेज देंगे तो नोकरी का क्या? घर में कमानेवाली तू अकेली.”

“चुप तर बसले ना मी,” मी म्हटलं. “पण ती विचारून राह्यली होती गं. काय आहे, काय आहे, म्हणून.”

मैमूनाही मग जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी चहाची गाडी माझ्याकडं होती. डोरीनला कोपऱ्यातल्या एकटीच्या खोलीत हलवलं होतं. ती खिडकीकडं बघत पडली होती. कप ठेवला, तशी तिनं माझं मनगट धरलं.

“काल तो आवाज तू केलास ना?”

मी मान डोलावली.

“कसला होता?”

माझं इंग्रजी नर्सिंगच्या पुस्तकातलं. त्यात असलं काही नव्हतं. तरी जमेल तसं सांगितलं, “आमच्याकडं मूल रडलं नाही तर थाळी वाजवतात. त्याला बोलावतात.”

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “म्हणजे तू माझ्या बाळाला बोलवत होतीस? मला वाटलं, मला भास झाला. सगळे म्हणतात, तू काही ऐकलं नाहीस, झोप.” आणि मनगट आणखी आवळून म्हणाली, “काय होतं ते?”

माझ्या डोळ्यांसमोर सिस्टर आली, मैमूना आली, मंठ्यातलं घर आलं. जळो ती पद्धत, म्हटलं मनात.

“मुलगी,” मी म्हणाले.

“मुलगी,” ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, “मुलगी.” मग उठून बसली. “मला दाखव. एकदाच. कुणाला कळणार नाही.”

मी चहाची गाडी तिथंच सोडून मागच्या खोलीकडं पळाले. खोली धुऊन पुसून लख्ख केलेली. फळी रिकामी. दारात फरशी पुसणारा म्हातारा होता, त्याला विचारलं. तो बिचारा समजुतीनं म्हणाला, “सकाळीच नेलं, पोरी. काळजी करू नकोस. एकटं नाही पुरत. कुणातरी वारलेल्या मोठ्या माणसाच्या पेटीत ठेवतात.”

कुणाच्या? त्यालाही माहीत नव्हतं. ना नाव, ना गाव, ना नातं. कुण्या परक्याच्या मयतीबरोबर त्या लेकराला मातीत ठेवायचं आणि आईला सांगायचंही नाही! एवढं मोठं शहर, इतकी शिकलेली माणसं, आणि चार पावलं चालून मूल आईच्या मांडीवर द्यायला कुणाला जमलं नाही. मलाही नाही. मी तर हातात घेऊन उभी होते.

परत खोलीत जायची हिंमत होत नव्हती. गेले. आत डोरीनचा नवरा आला होता. उंच, हातात फुलं, अंगातला कोटही काढलेला नव्हता.

“आपल्याला मुलगी झाली,” डोरीन त्याला सांगत होती.

तो पांढराफटक पडला. “तुला कुणी सांगितलं?”

“तुला माहीत होतं?”

त्यानं खाली बघितलं. “कालच सांगितलं त्यांनी मला. म्हणाले, तुला कळू द्यायचं नाही. तुझ्या भल्यासाठी.”

डोरीननं माझ्याकडं बघितलं. माझे रिकामे हात तिला दिसलेच असतील. मी म्हटलं, “नेलं. सकाळीच.” पुढचं, त्या पेटीचं, माझ्या तोंडून निघालं नाही. ती ओरडली नाही. तोंडावर हात दाबून पुढं-मागं हलत राहिली. नवरा फुलं हातात धरून तसाच उभा.

मग तो मला म्हणाला, “तुम्ही पाहिलं होतं तिला?”

“मी आंघोळ घातली,” मी म्हटलं.

तेवढ्यात दारात मोठी सिस्टर उभी. चहाची गाडी शोधत आली असणार. तिनं मला बघितलं, डोरीनला बघितलं. आता माझी गठडी वळली, मी मनात म्हटलं. बोलायला तिनं तोंड उघडलंही होतं. पण तो माणूस पलंगाजवळची एकुलती एक खुर्ची ओढून माझ्यापुढं ठेवत होता.

“बसा,” तो म्हणाला. “कशी होती?”

सिस्टरनं बाहेरून दार लावून घेतलं. तिच्या बुटांचा आवाज लांब गेला.

मी बसले. “केस काळे होते,” मी म्हणाले. “दाट.”

“हळू,” डोरीन म्हणाली. “हळू हळू सांग.”