इतवारीचा होकार

आरमोरीजवळच्या त्या गावात इतवारी नकारासाठी प्रसिद्ध होता. बैलजोडी मागा, वर्गणी मागा, तो एकदाच "नाई" म्हणे आणि विडी पेटवी. म्हणूनच गिरजाबाईनं त्याला निवडलं.

तिचा नवरा गेला तेव्हा दिनेश आणि निशा, दोन्ही लेकरं, दवाखान्यात एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिली होती. डॉक्टरांनी काही विचारलं की दोघं रडत. माणूस कधीच गेला होता, मशीन तेवढं श्वास घेत होतं. गिरजाबाईला कुणी विचारलंच नाही.

ती इतवारीच्या ओट्यावर जाऊन बसली. "माही शुद्ध हरपली तं डॉक्टरले हो-नाई तू सांगजो. वापस येनार नसन तं मले नळ्यांमंदी अडकवू नोको."

"काऊन? तुह्ये लेकरं मेले का?"

"जिते आहेत. पन त्याइच्यानं नाई म्हनवत नाई."

इतवारीनं विचार केला. "माह्यानं म्हनवते," तो म्हणाला.

रीतसर कागद झाला. निशानं बोलणं टाकलं. बायका जे बोलायचं ते बोलल्या. या वयातही आपलं नाव कुणाशी जोडलं जातं, याचं गिरजाबाईला जरा बरंच वाटलं.

धान कापणीला आलं तेव्हा तिला न्यूमोनिया झाला. गडचिरोलीला नेईपर्यंत तिची शुद्ध गेली होती. पुढचं तिला दिनेशनं सांगितलं.

"मशीन लावावं लागेल," डॉक्टर म्हणाले. लेकरांनी इतवारीकडं पाहिलं. निशानं आधीच डोळ्यांना पदर लावला.

"लावल्यावर काढता येते का?" इतवारीनं विचारलं.

"येतं. फुप्फुसं सुधारायची आशा आहे. नाहीच सुधारली तर पुन्हा बसून ठरवू."

"मंग लावा."

दिनेशला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

आठवड्यानं शुद्धीवर आल्यावर नळी निघाली, घसा सोलवटला होता, तरी गिरजाबाईनं पहिलं भांडण इतवारीशी काढलं. "मी काय सांगतलं होतं तुले?"

"वापस येनार नसन तं, असं सांगतलं होतं. तू येऊन राह्यली होती."

"तुले कसं समजलं?"

"मले कुठी समजते? डॉक्टरले इचारलं."

तो चहाला बाहेर गेल्यावर निशा खाटेवर टेकली. "आई, आता तरी कागदावर माह्यं नाव टाकशीन का?"

गिरजाबाईनं लेकीचा हात हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला.

"नाई," ती म्हणाली. "तू लय जीव लावतं, बाई. त्यानं रडाच्या आंधी इचारलं."